कॅरिओटाइप तपासणी: रक्त देण्याआधीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

जत, कवठेमहांकाळ, विटा, पलूस, अगदी कर्नाटकातल्या अथणीकडूनही माणसं उपचाराला मिरजेला येतात. १८९४ साली वानलेस हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासूनची ही वहिवाट आहे. त्यातल्या काहींच्या चिठ्ठीवर डॉक्टर ‘कॅरिओटाइप’ लिहून देतात. लॅबवाला रक्त घेतो, दोन-तीन आठवड्यांनी कागद येतो, आणि त्यावरची अक्षरं नीट उलगडून सांगायला गर्दीच्या ओपीडीत वेळ उरत नाही. मी हे रिपोर्ट लोकांना समजावून सांगण्याचं काम करते. ज्यांच्या घरात ही तपासणी पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

आपल्या पेशींमध्ये ४६ गुणसूत्रं (आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे) असतात, २३ जोड्यांत. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. २२ जोड्या बाईत आणि पुरुषात सारख्याच; तेविसावी जोडी बाईत एक्सएक्स, पुरुषात एक्सवाय. ४६ हा आकडा पक्का झाला १९५६ साली, त्जिओ आणि लेवान यांच्या कामामुळे. त्याआधी पुस्तकांत ४८ छापलं जायचं. पुढे तीनच वर्षांत, १९५९ साली, लेज्यून यांनी दाखवलं की डाऊन सिंड्रोमच्या मुलांत २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात. तिथून ही तपासणी दवाखान्यात आली.

कॅरिओटाइप म्हणजे पेशीतल्या सगळ्या गुणसूत्रांचा सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो काढून, जोड्या लावून, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडणं. त्यात दोन गोष्टी कळतात: संख्या बरोबर आहे का, आणि एखादा मोठा तुकडा तुटलाय, गळालाय, उलटलाय किंवा दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसलाय का. गावाच्या गटनकाशासारखं हे आहे. कुठला गट आहे, कुठला नाही, बांध कुठे सरकलाय ते नकाशात दिसतं. सरीतलं एखादं रोप वाळलंय ते दिसत नाही.

पहिली पायरी: आपला प्रश्न काय, ते आधी विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर सगळा घोळ इथूनच होतो. रक्त देण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, “यातून तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?” उत्तर एका वाक्यात मिळालं पाहिजे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो नात्यातल्या लग्नांबाबत. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेली जोडपी येतात आणि म्हणतात, “आमचं नात्यातलं आहे, कॅरिओटाइप करून टाकू म्हणजे निर्धास्त.” निर्धास्त होता येत नाही. नात्यातल्या लग्नात वाढतो तो एकेका जनुकातल्या, म्हणजे गुणसूत्रावरच्या एका छोट्याशा भागातल्या, दोषाचा धोका: आई आणि वडील दोघांकडे एकच बिघडलेलं जनुक असतं आणि बाळाला दोन्हीकडून तेच मिळतं. असे दोष कॅरिओटाइपमध्ये दिसतच नाहीत. दोघांचा कॅरिओटाइप अगदी नॉर्मल येईल आणि तरी बाळाला आजार असू शकेल. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, स्नायू दुर्बळ करणारा डुशेन, हे सगळे जनुकाच्या पातळीवरचे आजार. थॅलेसेमिया आणि सिकल सेलसाठी एचपीएलसी ही वेगळी रक्ततपासणी असते, बाकीच्यांसाठी डीएनएच्या तपासण्या. घरात आधीच्या एखाद्या मुलाला आजार असेल तर त्याची फाईल घेऊन जनुकतज्ज्ञाकडे जा. आधी आजाराचं नाव पक्कं होऊ द्या, तपासणी त्यानंतर ठरते.

मग कॅरिओटाइप कुणासाठी? दोन किंवा जास्त वेळा गर्भपात झालेलं जोडपं. डाऊन सिंड्रोमचा संशय असलेलं बाळ. जन्मताच मुलगा की मुलगी हे स्पष्ट नसलेलं बाळ. वीर्यात शुक्राणूच नसलेला पुरुष; अशांपैकी काहींत ४७,एक्सएक्सवाय म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम सापडतो, जो साधारण ५०० ते १००० पुरुषांत एकाला असतो आणि बऱ्याचदा लग्नानंतरच कळतो. रक्ताच्या कॅन्सरमधल्या तपासणीत बोनमॅरोचाही कॅरिओटाइप करतात. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमधलं ‘फिलाडेल्फिया’ गुणसूत्र १९६० साली सापडलं. ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून ते बनतं हे जॅनेट राऊली यांनी १९७३ साली दाखवलं. आणि त्याच जागेवर काम करणारं इमॅटिनिब हे औषध आज गोळीच्या रूपात मिळतं. पण तो दोष त्या कॅन्सरपेशींपुरताच असतो, मुलाबाळांकडे जात नाही. घरच्यांना हे आवर्जून सांगावं लागतं.

आणखी एका गटाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे वेळ फार वाया जातो. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली, पाळी आली नाही, वर्गात सगळ्यांत बुटकी आहे. घरात सगळ्यांना दिसत असतं, पण “येईल, काहींना उशिरा येते” म्हणत वर्षं जातात. मग स्थळं बघायला सुरुवात होते आणि लग्नानंतर कधीतरी तपासणी होते. यातल्या काही मुलींना टर्नर सिंड्रोम असतो: ४५,एक्स, म्हणजे दुसरं एक्स नाही किंवा अर्धवट आहे. साधारण २००० ते २५०० मुलींत एकीला हे असतं. लहानपणी कळलं तर उंचीसाठी ग्रोथ हॉर्मोन देता येतं, वेळेवर इस्ट्रोजेन सुरू करून हाडं सांभाळता येतात, हृदयाची आणि किडनीची तपासणी करता येते. विशीत कळलं तर उंचीची संधी गेलेली असते. टर्नर असलेल्या मुली शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. मुलगी बुटकी राहतेय असं दिसलं की पाळीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि ही गोष्ट चारचौघांत चर्चेला आणू नका. ती तिची खासगी बाब आहे.

दुसरी पायरी: गर्भपाताच्या तपासणीत रक्त दोघांचं

वारंवार गर्भपात होतात तेव्हा सासूबाई सुनेला पुढे करतात. “मॅडम, आमच्या पोराचं रक्त कशाला वो? त्याला काय झालंय?” हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकू आलाय की उत्तर तोंडपाठ आहे. “मावशी, बाळाला निम्मी गुणसूत्रं तुमच्या मुलाकडूनच जातात. एकाचंच तपासलं तर निम्मी तपासणी राहिली.”

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असतो. बहुतेक वेळा तो त्या एका गर्भापुरता, बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना झालेला असतो आणि नवरा-बायको दोघांचे रिपोर्ट नॉर्मल येतात. पण वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरात तीन ते पाच ठिकाणी दोघांपैकी एकाकडे ‘संतुलित’ अदलाबदल असते. तुकडे जागा बदललेले, पण काही कमी-जास्त झालेलं नाही. त्या माणसाला स्वतःला काहीच त्रास नसतो. तो ऊस तोडतो, शेत राबतो, ठणठणीत असतो. बीज तयार होताना मात्र वाटणी चुकू शकते. ही अदलाबदल नवऱ्यात असू शकते, बायकोत असू शकते, आणि दोघांपैकी कुणीही ती ‘केलेली’ नसते. तंबाखू, नजर, पत्रिका, ग्रहण, कशाशीच याचा संबंध नाही.

गर्भपात झालेल्या गर्भाची तपासणी करायची असेल तर एक गोष्ट आधीच नर्सला सांगून ठेवा: नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही. हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (तुकड्याच्या नेहमीच्या तपासणीसाठी) फॉर्मॅलिनची बाटली तयारच असते, सवयीनं हात तिकडे जातो, आणि फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात. मेलेल्या पेशींचा कॅरिओटाइप होत नाही. निर्जंतुक बाटली, त्यात सलाईन किंवा लॅबनं दिलेलं द्रावण, आणि त्याच दिवशी रवाना.

तिसरी पायरी: रक्त देण्याचा दिवस

उपाशीपोटी यायची गरज नाही. मोठ्या माणसाचं तीन-पाच मिली, तान्ह्या बाळाचं एक-दोन मिली रक्त पुरतं. ट्यूबकडे मात्र स्वतः लक्ष द्या. कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची सोडियम हेपॅरिनची ट्यूब लागते. जांभळ्या झाकणाची ईडीटीएची ट्यूब सीबीसीला आणि डीएनएच्या तपासण्यांना चालते, इथे नाही; त्यात पेशी वाढायला त्रास होतो. झाकण जांभळं दिसलं तर न लाजता विचारा, “दादा, कॅरिओटाइपला हेपॅरिनची लागते ना?”

सांगली-साताऱ्यातले बरेचसे नमुने पुण्या-मुंबईच्या लॅबला जातात. पेशी जिवंत पोहोचल्या पाहिजेत, शक्यतो २४ ते ४८ तासांत. म्हणून शनिवारी संध्याकाळी किंवा गणपती-दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर रक्त देऊ नका; सोमवार ते गुरुवार बरा. नमुना फ्रीजरमध्ये गोठवायचा नाही आणि तापूही द्यायचा नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कलेक्शन सेंटरवर विचारून घ्या की डबा गार पिशवीसह जातो का, आणि बर्फ ट्यूबला थेट लागत नाही ना.

गेल्या काही आठवड्यांत रक्त चढवलं असेल, कधी बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर फॉर्मवर लिहा. फॉर्मवर तपासणीचं कारणही लिहिलेलं हवं. ‘दोन गर्भपात’, ‘पाळी आली नाही’, ‘डाऊनचा संशय’ एवढं लिहिलेलं असलं तरी स्लाइड बघणाऱ्याचं लक्ष योग्य जागी जातं.

मधले पंधरा-वीस दिवस लॅबमध्ये काय चालतं

लोक विचारतात, शुगरचा रिपोर्ट तासात, मग याला इतके दिवस का? गुणसूत्रं पेशी विभागत असतानाच नीट दिसतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभागत नाहीत. त्यांना विभागायला लावावं लागतं. त्यासाठी वापरतात ते फायटोहिमॅग्लुटिनिन, जे राजम्यापासून मिळतं. ३७ अंशांवर साधारण ७२ तास पेशी वाढवतात. मग कोल्चिसिन किंवा त्याच जातीचं कोलसेमिड घालून विभाजन मध्येच थांबवतात. कोल्चिसिन हे सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या आपल्या कळलावीतही असतं. पुढे सौम्य क्षाराच्या पाण्यानं पेशी फुगवतात, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये पक्क्या करतात, स्लाइडवर थेंब सोडतात आणि ट्रिप्सिन देऊन गिम्सा रंग चढवतात. त्यानं प्रत्येक गुणसूत्रावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. प्रत्येकाचे पट्टे ठरलेले, त्यावरूनच ओळख पटते.

त्यानंतर माणूस बसून मोजतो. सहसा २० पेशी. संगणक जोड्या लावायला मदत करतो, पण कुठला पट्टा गायब आहे हे शेवटी सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या, माणसाची नजर ठरवते.

चौथी पायरी: रिपोर्ट वाचणं

सगळे फोटो सोडून आधी ‘कॅरिओटाइप’ असं लिहिलेली एक ओळ शोधा. कागदावर ती रोमन अक्षरांत असते. इथे उच्चाराप्रमाणे लिहिते. पहिला आकडा एकूण गुणसूत्रांचा, मग स्वल्पविराम, मग लिंगगुणसूत्रं, मग वेगळं काही असेल तर ते.

४६,एक्सएक्स आणि ४६,एक्सवाय: नॉर्मल. ४७,एक्सवाय,+२१: मुलगा, २१ क्रमांकाचं एक जास्त, डाऊन सिंड्रोम. पुढे चौकोनी कंसात आकडे असतील, जसं ४५,एक्स[६]/४६,एक्सएक्स[१४], तर २० पैकी ६ पेशी एका प्रकारच्या आणि १४ दुसऱ्या. याला मोझेक म्हणतात. रक्तातलं हे प्रमाण मेंदूत किंवा अंडाशयात तसंच असेल असं नाही, म्हणून त्या आकड्यावरून ‘तीस टक्के आजार’ असा हिशोब करू नका.

आता थोडी अवघड ओळ: ४५,एक्सएक्स,डेर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०). समजा डाऊन सिंड्रोमचं एक बाळ असलेल्या आईचा हा रिपोर्ट आहे. ४५ वाचून घाबरायला होतं. पण पुढे बघा: १४ आणि २१ ही दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झाली आहेत. मोजताना एक कमी भरतं, ऐवज मात्र पुरेसा आहे. ही बाई निरोगी आहे. तिच्या बाळाला मात्र तिच्याकडून चिकटलेलं १४-२१ आणि शिवाय एक सुटं २१ असं दोन्ही मिळू शकतं. तसं झालं की वडिलांकडचं एक धरून २१ चं साहित्य तीन वेळा होतं. गंमत नाही, धोक्याची जागा आहे: अशा बाळाच्या रिपोर्टवर एकूण आकडा ४६ असतो, आणि नुसतं ४६ बघून कुणी ‘नॉर्मल’ म्हटलं तर चुकलंच. अशी जोडणी आईत असेल तर डाऊनचं बाळ जन्मण्याची शक्यता शंभरात दहा ते पंधरा, वडिलांत असेल तर शंभरात एकाच्या आसपास. निरोगी बाळ होण्याची वाट दोन्ही वेळा उघडी असते. २१ ला २१ च चिकटलेलं असेल तर मात्र जन्मणारं प्रत्येक बाळ डाऊनचंच असतं. हे जोडप्याला स्पष्ट सांगावं लागतं.

म्हणूनच डाऊनच्या बाळाचं निदान चेहऱ्यावरून झालं तरी कॅरिओटाइप करायचा. साधारण ९५ टक्के बाळांत सुटं जास्तीचं २१ असतं. तिथे आई-वडिलांचा कॅरिओटाइप सहसा लागत नाही, आणि तरुण आईला पुढच्या वेळी पुन्हा तसंच होण्याची शक्यता शंभरात एक धरतात. चिकटलेलं असेल तर मात्र दोघांची तपासणी हवीच. आणि बाळासाठी निदानानंतर लगेच करायच्या गोष्टी वेगळ्या: हृदयाचा इको, कारण जवळपास निम्म्या बाळांत हृदयदोष असतो; थायरॉईड, ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी; आणि फिजिओथेरपी लवकर सुरू. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा, पुढची वाट ते सरकारी रुग्णालयापर्यंत लावून देतात. दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड काढण्यात कमीपणा मानू नका.

काही ओळी उगाच झोप उडवतात. ९क्यूएच+, २२पीएस+, आणि ९ क्रमांकाच्या मध्यभागाची छोटी उलटापालट, इन्व्ह(९). हे माणसामाणसांतले साधे फरक आहेत. यामुळेच गर्भ टिकत नाही असं सांगून कुणी महागडे उपचार सुचवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

आणि ‘नॉर्मल’ या शब्दाची हद्द लक्षात ठेवा. साधारण डीएनएच्या पन्नास लाख ते एक कोटी अक्षरांपेक्षा लहान तुकडा गळाला असेल तर या फोटोत सहसा दिसत नाही. २२ वरचा, डायजॉर्ज सिंड्रोममध्ये गळणारा तुकडा तीसेक लाखांचा, म्हणून त्याला फिश किंवा मायक्रोॲरे या लहान तुकडे शोधणाऱ्या तपासण्या लागतात. मूल मागे पडतंय, फिट येतात, सोबत जन्मजात दोष आहेत आणि कॅरिओटाइप नॉर्मल आलाय, तर तपासणी तिथे थांबवू नका.

गरोदरपणात असेल तर

इथे घड्याळ महत्त्वाचं. ११ ते १४ आठवड्यांत एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) होतात. ते आणि एनआयपीटी (आईच्या रक्तातून गर्भाचा डीएनए बघणारी तपासणी) धोका सांगतात, निदान करत नाहीत. धोका जास्त आला तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून कॅरिओटाइप करतात. गर्भजलाच्या पेशी वाढवायला दोन-तीन आठवडे जातात. सोबत फिश किंवा क्यूएफ-पीसीआर ही झटपट तपासणी सांगितली तर १३, १८, २१ या गुणसूत्रांबद्दल काही दिवसांत कळतं. अनुभवी हातांत या सुईमुळे गर्भ जाण्याची शक्यता २०० त एकीपेक्षाही कमी असते. वय ३५ च्या पुढे असेल तर पहिल्याच भेटीत विषय काढा: डाऊनच्या बाळाची शक्यता पस्तिशीत साधारण ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. गंभीर दोष निघाला आणि कुटुंबानं गर्भपाताचा निर्णय घेतला तर गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक स्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं आणि त्यापुढे मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं तो करता येतो. निर्णय त्या बाईचा. ठेवायचा ठरला तरी तो तितकाच योग्य निर्णय आहे आणि दवाखान्यानं त्याचाही मान राखला पाहिजे.

गर्भाच्या रिपोर्टवर मुलगा की मुलगी हे मिळणार नाही. विचारूही नका, कुणाला विचारूही देऊ नका. १९९४ च्या कायद्यानं ते सांगणं गुन्हा आहे. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला २०१७ साली १९ भ्रूण सापडले ते आपल्याच जिल्ह्यात, आणि साताऱ्यातून ‘लेक लाडकी अभियान’ वर्षानुवर्षं या गोष्टीशी झगडतंय. तपासणीआधी ‘फॉर्म जी’ वर गरोदर बाईची लेखी संमती तिला समजेल अशा भाषेत घेतात. त्याची प्रत तिला मिळते. ती मागून घ्या.

शेवटची पायरी: कागद कुणाला दाखवायचा

जन्मजात कॅरिओटाइप बदलत नाही, त्यामुळे नीट झालेली तपासणी पुन्हा करावी लागत नाही. मूळ रिपोर्ट प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, फोनमध्येही फोटो असू द्या. अदलाबदल सापडली असेल तर त्या व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांना सांगा. त्यांच्याकडेही ती असण्याची शक्यता मोठी असते, आणि लग्न झालेल्या किंवा होणाऱ्या भावंडांना तपासून घेता येतं. लहान, निरोगी मुलांची तपासणी मात्र करू नका. मोठी झाल्यावर ती स्वतः ठरवतील. पुढची पाळी चुकली की सहाव्या-सातव्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि हा कागद पहिल्या भेटीत टेबलावर ठेवा, म्हणजे तपासण्यांच्या तारखा हातात वेळ असतानाच ठरतील.